दीड कोटींची एसयूव्ही निम्म्या भावात! पण घ्यावी का?

समृद्धी महामार्ग वाशिम जिल्ह्यातील कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव तालुक्यांतून जातो. त्यावर सुसाट जाणारी लक्झरी एसयूव्ही पाहून ‘नवी नाही, निदान सेकंड हँड तरी घेऊ’ असं अनेकांना वाटतं. पण या गाड्यांचा भाव इतका पडतो का?

पहिलं कारण वय. विम्यासाठी गाडीची किंमत (आयडीव्ही) ठरवताना पहिलं वर्ष संपताच २० टक्के आणि ४ वर्षांनंतर ५० टक्के घसारा धरतात. प्रत्यक्ष बाजारभाव मॉडेल आणि मागणीवर ठरतो.

दुसरं कारण कर. पेट्रोल-डिझेलच्या मोठ्या एसयूव्हीवर आधी २८ टक्के जीएसटी आणि २२ टक्के सेस, असा ५० टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. म्हणजे करासह दीड कोटींची गाडी, मूळ किंमत तीच राहिल्यास, १ कोटी ४० लाखांना मिळते. नवीच १० लाखांनी स्वस्त झाली, तर जुनीला आधीचा भाव कोण देणार?

खरी मेख पुढे आहे. गाडीची किंमत निम्मी होते, पण टायर, ब्रेक, सस्पेन्शनचा खर्च निम्मा होत नाही. सुटे भाग नव्या गाडीच्याच भावाने घ्यावे लागतात.

म्हणून टोकन देण्याआधी तीन गोष्टी मागा: सर्व्हिसची पूर्ण नोंद, विम्याच्या हप्त्याचा आकडा आणि पुढच्या मोठ्या सर्व्हिसचा अंदाजे खर्च. परवडतं की नाही, ते या तीन कागदांवरून कळेल.