नांगर नको, वेळ दाखवा!

गिफ्ट शॉपमधलं ‘समुद्री’ घड्याळ म्हणजे काय, तर सुकाणूच्या चाकात डायल आणि खाली प्लॅस्टिकचा नांगर! आमच्या विंगमधल्या एकाचा भाऊ मर्चंट नेव्हीत आहे. त्याच्या आईला भेट म्हणून आम्ही लाकडी घड्याळ करतोय, आणि निम्म्या पब्लिकला त्यावर नांगर हवाच आहे. मला हे अजिबात पटत नाही.

खलाशांना घड्याळ लागायचं ते रेखांश काढायला. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटं. आपल्या धाराशिवलाच बघा. आपण साधारण ७६ अंशांवर, प्रमाणवेळ ८२.५ अंशांची. म्हणून इथे सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात सरासरी १२.२६ झालेले असतात. जहाजावर हाच फरक मोजून जागा कळायची. त्यासाठी न चुकणारं घड्याळ करणारा जॉन हॅरिसन मुळात सुतार, आणि त्याच्या सुरुवातीच्या घड्याळांची चाकंसुद्धा लाकडी! त्याचं चौथं घड्याळ १७६१ मध्ये जमैकाच्या सफरीवर निघालं. (फर्स्ट इयरला कार्पेंटरी शॉपला नाकं मुरडणाऱ्यांनी नोंद घ्यावी.)

काकू रोज विचारतात, “आत्ता त्याच्याकडं रात्र आहे का रे? फोन लावू का?” त्याचं उत्तर नांगर देणार आहे का? त्यापेक्षा तासकाटा २४ तासांत एकच फेरी मारेल असं मशीन घ्या. आत सागवानी डायलवर घरची वेळ, बाहेर हाताने फिरणारं कडं, त्यावर जहाजाची वेळ. कड्याचा रात्रीचा अर्धा भाग गडद पॉलिशचा. जहाजावरची वेळ बदलली की पोरगा कळवेल, काकू कडं फिरवतील.

शनिवारी दुपारी शॉप उघडं आहे. कडं कापताना धरायला दोघं हवेत.