डोंगर हिरवा, पण मेंढरांना बंद! मेंढपाळांची खरी टंचाई पावसाळ्यातच

उन्हाळ्यात चारा नसतो आणि पावसाळ्यात मुबलक असतो, असं सगळेच धरून चालतात. मेंढपाळाचं गणित मात्र उलटं आहे.

दिवाळी झाली की फलटण, माण, खटाव, बारामती भागातले वाडे घोड्यांवर बिऱ्हाड लादून निघतात. बरेचसे घाट उतरून कोकणात जातात. भात निघालेली खाचरं तिथं मोकळी असतात. रात्री वाघर लावून मेंढरं शेतात बसवली की शेतकऱ्याला लेंडीखत मिळतं आणि मेंढपाळाला धान्य किंवा रोख. म्हणजे उन्हाळ्यात चारा फुकट, वर कमाई.

मृग जवळ आला की वाडे देशावर परततात आणि अडचण सुरू होते. रानं पेरलेली, त्यामुळं मेंढरं बसवायला जागा नाही. खताचे पैसे बंद. ओल्यात खुरं सडतात, औषधाचा खर्च वाढतो. लोकरीला भाव नाही, म्हणून वेळेआधी कोकरं विकावी लागतात. भिस्त उरते ती डोंगर, माळ आणि गायरानावर. त्यात डोंगरावर रोपवन झालं की चराईबंदी आणि गायरानावर अतिक्रमण.

सरकारला हे ठाऊक आहे, म्हणून तर जून ते सप्टेंबर महिन्याला 6,000 रुपये चराई अनुदानाची योजना आली. चार महिन्यांचे 24,000. दिवसाला जेमतेम 197 रुपये. शंभर मेंढ्यांचा कळप धरला तर मेंढीमागे दोन रुपयेही पडत नाहीत. पैसा मदतीला येतो, पण कुरणाची जागा घेत नाही.

वनखात्याचं म्हणणंही अगदीच चुकीचं नाही. कोवळी रोपं मेंढरं खातात आणि गवताला बी धरायला उसंत लागते. पण डोंगर कायमचा बंद ठेवला तर न खाल्लेलं गवत वाळतं आणि उन्हाळ्यात वणव्याला तेच सरपण होतं. शिवाय कमी पावसाचा माळ म्हणजे ओसाड जंगल नव्हे. तो मुळातच गवताचा. लांडगाही त्याच माळावर जगतो.

2006 चा वनहक्क कायदा भटक्या पशुपालकांची हंगामी चराई मान्य करतो. पण आदिवासी नसलेल्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा पुरावा द्यावा लागतो. महाराष्ट्रात धनगर भटक्या जमातीत मोडतात, त्यामुळं ही अट त्यांनाही लागू. वाड्यावर जन्मलेल्या माणसानं हा कागद आणायचा कुठून?

वाट आहे ती पाळीची. नवं रोपवन बंद ठेवावं, रोपं मेंढराच्या तोंडाच्या वर गेली की ते खुलं करावं आणि बाकीचा डोंगर आळीपाळीनं चारावा. हे पाऊस पडल्यावर भांडून ठरत नाही. मे महिन्यातल्या ग्रामसभेत वनखातं, गावकरी आणि मेंढपाळ एकत्र बसले तरच जमेल. कारण वाडा मोडला की नुकसान एकट्या मेंढपाळाचं होत नाही, शेतात पडणारी लेंडीही जाते. मग तेच खत ट्रॉलीच्या भावानं विकत घ्यावं लागतं.