तार की बिनतार?

कॉम्प्युटर ब्रँचला असण्याचा एक मोठा तोटा म्हणजे सुट्टीत घरी गेलं की आपण फुकटचे मेकॅनिक होतो. प्रिंटर चालत नाही, बोलवा याला. मावशीच्या मोबाईलची मेमरी भरली, बोलवा याला. गेल्या दिवाळीत काकांनी नवीन फ्लॅटमध्ये इंटरनेट घेतलं आणि मला विचारलं, "काय रे, खोल्यांमध्ये वायर ओढून घ्यायची की वायफायच पुरे?" मी तोंड उघडायच्या आत काकू म्हणाली, "आत्ताच रंग दिलाय, भिंतीवर एकही पट्टी मारायची नाही!" झालं, विषय संपला. केबलवाल्याचा पोरगा आला, राऊटर लावला, पासवर्ड म्हणून काकांचाच मोबाईल नंबर टाकला आणि चहा पिऊन गेला.

हा प्रश्न निघाला की आपली गाडी लगेच स्पीडवर जाते. स्पीडचं सोडा हो, काकांना बातम्या आणि जुनी गाणी ऐकायला कुठलाही स्पीड चालतो. खरा प्रश्न आहे तो घराची हद्द कुठे संपते हा. तारेच्या नेटवर्कमध्ये घुसायचं तर माणसाला आधी घरात येऊन पिन खुपसावी लागते. वायफायच्या लहरी मात्र काकूच्या रंगवलेल्या भिंतीपाशी थांबत नाहीत. त्या जिन्यात जातात, पार्किंगमध्ये जातात, कधी समोरच्या टपरीपर्यंत जातात. तिथे लॅपटॉप उघडून बसलेला माणूस एका परीने आपल्या हॉलमध्येच बसलेला असतो. मध्ये आडवा असतो तो फक्त एक पासवर्ड. आणि नवी मुंबईत एका घरात एकदा तोही नव्हता.

२६ जुलै २००८. अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी टीव्ही चॅनेल्सना धमकीचा ईमेल गेला होता. पोलिसांनी आयपी अ‍ॅड्रेसचा माग काढला आणि ते पोहोचले सानपाड्यातल्या एका फ्लॅटवर. तिथे राहत होता एक अमेरिकन नागरिक. त्याचे कॉम्प्युटर जप्त झाले, दिवसेंदिवस चौकशी झाली, जगभरच्या पेपरात नाव छापून आलं. शेवटी निष्पन्न काय, तर त्याचं वायफाय उघडं होतं आणि ते दुसऱ्याच कोणीतरी वापरलं होतं. पुढच्याच महिन्यात तसाच ईमेल माटुंग्याच्या एका कॉलेजच्या नेटवर्कवरून गेला आणि सप्टेंबरमध्ये, दिल्लीच्या स्फोटांच्या वेळी, चेंबूरच्या एका कंपनीच्या नेटवर्कवरून. या तिन्ही ठिकाणच्या लोकांचा कटाशी काडीचाही संबंध नव्हता. पण आयपी अ‍ॅड्रेस कनेक्शन ज्याच्या नावावर आहे त्याचं दार दाखवतो, कीबोर्डवर बोटं कोणाची होती ते नाही. आपल्या घरी ते नाव बहुतेक वेळा वडिलांचं असतं, हे जरा लक्षात घ्या.

"पण आता सगळेच पासवर्ड टाकतात," असं कोणी म्हणेल. टाकतात खरे. पण कसलं कुलूप आहे तेही बघायला नको का? १९९७ च्या स्टँडर्डमधलं वेप हे कुलूप २००१ मध्येच पोकळ ठरलं होतं, आणि २००७ मध्ये जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या संशोधकांनी ते मिनिटाभराच्या आत उघडून दाखवलं. त्यानंतर डब्ल्यूपीए आलं, २००४ मध्ये डब्ल्यूपीए-२ आलं. ते बरीच वर्षं टिकलं, पण २०१७ मध्ये मॅथी वॅनहूफ या बेल्जियमच्या संशोधकाने त्यातही भोक शोधलं. ते अपडेटने बुजवता येतं. फक्त घरचा राऊटर कोणी अपडेट केल्याचं मी अजून पाहिलेलं नाही (मीसुद्धा त्यातच आलो).

आता तो मोबाईल नंबरवाला पासवर्ड घ्या. दहा आकडे, त्यात पहिला आकडा ६ ते ९. म्हणजे एकूण शक्यता चारशे कोटी. ऐकायला भरपूर वाटतं. पण डब्ल्यूपीए-२ मध्ये कोणी कनेक्ट होताना जी देवाणघेवाण होते ती बाहेरून पकडता येते, आणि मग राऊटरला हातही न लावता आपल्या खोलीत बसून एकेक नंबर ताडून बघता येतो. गेमिंगच्या चांगल्या ग्राफिक्स कार्डला हे काम काही तासांचं आहे. अर्थात एवढा उद्योग करतो कोण? काकांचा नंबर सोसायटीच्या नोटीस बोर्डवरच लिहिलेला आहे, सेक्रेटरी आहेत ते.

मग सगळीकडे तारच ओढावी का? तसंही मी म्हणणार नाही. तार म्हणजे काही देवाने दिलेलं कवच नव्हे. गच्चीवरून लोंबत आलेल्या केबलमधून पावसाळ्यात वीज उतरते आणि लॅन पोर्ट जळतात, हे ज्याच्या घरी झालं त्याला विचारा. आमचे जुने सीनिअर सांगतात की त्यांच्या वेळी होस्टेलला फक्त तारच होती, तरी नेटवर्क नेबरहुड उघडलं की अर्ध्या विंगचे सी ड्राईव्ह सताड उघडे दिसायचे. सबमिशनच्या आदल्या रात्री त्याचा काय उपयोग व्हायचा ते इथे लिहीत नाही, सर लोकही हे पान वाचतात.

माझं मत साधं आहे. घरात जी वस्तू जागेवरून हलत नाही तिला तार लावावी. डेस्कटॉप, टीव्ही आणि मुख्य म्हणजे कॅमेरा. वायफायचा कॅमेरा बाहेरच्या माणसाला पासवर्ड न फोडताही बंद पाडता येतो. जुन्या पद्धतीत "कनेक्शन तोड" असा खोटा निरोप कोणीही हवेत सोडू शकतो आणि कॅमेरा बिचारा तो खरा मानतो. डब्ल्यूपीए-३ मध्ये हे निरोप तपासून घेणं सक्तीचं आहे, पण स्वस्तातल्या कॅमेऱ्यांत ते नसतं. चोरावर नजर ठेवायला आणलेली वस्तू चोराच्या मर्जीवर चालत असेल तर काय फायदा? मोबाईल आणि लॅपटॉप मात्र फिरणारच, त्यांना वायफाय द्या. लांबलचक पासवर्ड ठेवा, डब्ल्यूपीएस बंद करा, राऊटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड "अ‍ॅडमिन" ठेवू नका आणि पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क काढा. काकूशी शेवटी तह झाला तो असा: स्कर्टिंगच्या कडेने पांढरी केसिंग पट्टी, तीही फक्त दारावरच्या कॅमेऱ्यापर्यंत आणि टीव्हीपर्यंत. ड्रिल मी मारलं, झाडूही मीच मारला.

आता जरा आपल्या होस्टेलबद्दल. खोलीतल्या लॅन सॉकेटला स्वतःचा राऊटर जोडून पाचसहा खोल्यांना वायफाय वाटणारे समाजसेवक आपल्याकडे कमी नाहीत. लॉगिन मात्र एकाच्याच नावावर असतं. उद्या त्यातून कोणी काही उद्योग केला तर रेक्टर सरांपुढे सानपाड्याच्या त्या भाडेकरूसारखं कोण उभं राहणार, हे एकदा आपसांत ठरवून ठेवा. आणि ज्याने कोणी गेल्या आठवड्यात वरच्या मजल्यावर भिंतीतली केबल राऊटरच्या वॅन पोर्टऐवजी लॅन पोर्टमध्ये खुपसली, आणि ज्याचा राऊटर तेव्हापासून अख्ख्या मजल्याला स्वतःचेच आयपी अ‍ॅड्रेस वाटत सुटलाय, त्याने कृपया ती पिन आजच काढावी. उद्या माझी ऑनलाईन टेस्ट आहे.