तारापूरची चूल, फ्रेंचांची लाकडं

फ्रेंच माणूस अमेरिकेला शिव्या घालतो तेव्हा आपल्याकडच्या शिकल्यासवरल्या लोकांना गुदगुल्या होतात. शिव्या खऱ्याच असतात, त्यात वाद नाही. डॉलर छापायचा अमेरिकेनं आणि त्याचं ओझं वाहायचं जगानं, हे द गॉलनं १९६५ साली पत्रकार परिषदेत ठणकावून सांगितलं. अमेरिकेत १९३२ ते १९८० सगळ्यात वरच्या उत्पन्नावर सरासरी ८१ टक्के कर होता. रेगनच्या राज्यात तो २८ टक्क्यांवर आला. हा हिशेब थॉमस पिकेटी मांडतो. तिथला गरीब आजारी पडला की कर्जात बुडतो, हे फ्रेंच माणूस छाती फुगवून बोलतो, कारण त्याच्या देशात १९४५ पासून सामाजिक सुरक्षेची व्यवस्था आहे.

पण गड्यांनो, बोट दाखवणाऱ्याचा दुसरा हात कुठं आहे तेही बघा. त्यासाठी पॅरिसला जायला नको. बोईसरला उतरा आणि समुद्राच्या अंगाला चला.

तारापूरची अणुभट्टी अमेरिकेची. १९६३ चा करार, ८ कोटी डॉलरचं कर्ज, बांधणारी कंपनी जनरल इलेक्ट्रिक, १९६९ ला वीज सुरू. तीस वर्षं इंधन अमेरिकाच देणार असं करारात लिहिलेलं. म्हणजे चूल तिची, लाकडं तिची आणि चूल घ्यायला पैसेही तिनंच उसने दिलेले. गावचा सावकार याहून वेगळं काय करतो? बी त्याचं, बैल त्याचा, वहीही त्याचीच.

१९७४ ला पोखरणचा स्फोट झाला. १९७८ ला कार्टरच्या अमेरिकेनं नवा कायदा केला आणि लाकडं अडवली. १९८० ला सिनेटात ४८ विरुद्ध ४६ मतांनी ३८ टन इंधन कसंबसं सुटलं. दोन मतांवर आमची चूल! मग १९८२ ला मितराँचा फ्रान्स धावून आला. मितराँ समाजवादी. आदल्याच वर्षी मेक्सिकोत त्यानं जगातल्या दबलेल्यांना सलाम ठोकणारं भाषण केलेलं. त्यानं इंधन दिलं, पण रेगनच्या संमतीनं, अमेरिकेनं आखलेल्या चौकटीत. १९९३ ला कराराची मुदत संपली तसा फ्रान्सनंही हात काढला. अमेरिकेच्या धोरणावर फ्रान्सचं खरं मत काय, ते भाषणात शोधू नका, या दहा वर्षांत शोधा.

भट्टीच्या आत सफाईला, दुरुस्तीला कंत्राटी माणसं घातली गेली. प्रफुल्ल बिडवईंसारख्या पत्रकारांनी त्यावर तेव्हाच लिहिलं. ती माणसं कोण, हे ना वॉशिंग्टननं विचारलं ना पॅरिसनं. दिल्लीनं तरी कुठं? तिसरी-चौथी भट्टी तर आपल्याच बनावटीची, २००५-०६ ला सुरू झालेली. तिच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठवली. स्वदेशी चुलीलाही जळण लागतंच.

आता मुद्द्याचं. फ्रेंच विचारवंतांचा अमेरिकेवर एक लाडका आरोप असतो : अमेरिका माणसं वंशानं मोजते, म्हणून समाज फुटतो, आम्ही फक्त नागरिक बघतो. फ्रान्सच्या १९७८ च्या कायद्यानं, थोडे अपवाद सोडले तर, माणसाच्या वंशाची माहिती गोळा करायला मनाई आहे. अमेरिका १७९० पासून मोजते. सुरुवातीला गुलामाला पाचात तीन हिस्से माणूस धरला, तोही मालकांच्या राज्यांना जादा खासदार मिळावेत म्हणून. हरामखोरी ती. पण १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर तोच रकाना काळ्या माणसाच्या हातात पुरावा झाला. कुठल्या कारखान्यात किती घेतले, बोला!

फ्रान्समध्ये पुरावा कुठून आणणार? १७ ऑक्टोबर १९६१ ला पॅरिसच्या पोलिसांनी अल्जेरियन निदर्शकांना मारून सीन नदीत फेकलं. २००५ ला पोलिसांना भिऊन पळणारी दोन पोरं मेली आणि वस्त्या तीन आठवडे पेटल्या. तरी सरकारी कागदावर सगळे निव्वळ नागरिक. अमेरिकेतली गुलामी बघून हळहळलेला तोकव्हिल पुढं अल्जेरिया जिंकण्याची वकिली करतो, तो याच घराण्यातला. २०२३ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानंही विद्यापीठाच्या प्रवेशात वंश बघायला बंदी केली. आता तेही फ्रेंच बोलायला लागले म्हणायचे.

हे फ्रेंच आपण जन्मापासून ऐकतोय. गोदीत आमचा मुकादम म्हणतो, ‘हितं जात कुठाय रे, हितं सगळे कामगार.’ बरं. मग जहाजाच्या तळातली धूळ झाडायला, गंधक उपसायला, तुंबलेला संडास साफ करायला नावं पुकारतो ती कुणाची? टेबलावर कोण, शिडीखाली कोण? आडनावं लिहून काढा, मास्तर लागत नाही.

१९३१ नंतर या देशात सगळ्या जातींची मोजणी छापली गेली नाही. २०११ ला गोळा केलेले जातीचे आकडे दाबून ठेवले. ३० एप्रिल २०२५ ला केंद्रानं जनगणनेत जात मोजायचं जाहीर केलं, तर लगेच समाज फुटेल म्हणून गळा काढणारे निघाले. यांना फ्रेंच क्रांती आठवते. बाबासाहेब अमेरिकेत शिकले, पण १९५४ ला रेडिओवर त्यांनी स्पष्ट सांगितलं : स्वातंत्र्य, समता, बंधुता मी फ्रेंच क्रांतीकडून घेतली नाही, बुद्धाकडून घेतली.

पिकेटीला मात्र सलाम. तो फ्रेंच असून मोजतो. त्यानं आणि सोबत्यांनी २०२४ ला दाखवलं की भारतात वरच्या एका टक्क्याकडे २२.६ टक्के उत्पन्न जातं. खालच्यांत कोण, ते आपल्याला विचारायचंय.

आणि ते इथूनच विचारायचं. ३० ऑगस्ट २०२४ ला वाढवण बंदराची पायाभरणी झाली, खर्च ७६ हजार कोटींच्या वर. उद्या तिथं हजेरीपट निघेल तेव्हा कायम किती, कंत्राटी किती, त्यांत वारली किती, मांगेला किती, बौद्ध किती, आणि कुणाला कुठलं काम, हा कागद बंदराच्या फाटकावर चिकटवलेला दिसला पाहिजे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या प्रत्येक कारखान्याच्या फाटकावरही.