मोबाईलमधून आलेली नेमबाजी आणि मंडळीचे काम



पॅरिस ऑलिंपिक झाल्यापासून आमच्या मंडळीतल्या मुलामुलींच्या बोलण्यात नेमबाजी आली आहे. रविवारची उपासना संपली की चर्चच्या आवारात एखादी आई किंवा एखादे वडील आम्हां स्वयंसेवकांना बाजूला घेऊन विचारतात, "मुलगा एअर पिस्तूल मागतोय. घेऊन द्यावे का? ख्रिस्ती घरात हे शोभते का?" शेजारी उभे असलेले कोणी म्हणते, क्रिकेटसारखाच एक खेळ, त्यात काय एवढे! दुसरे कोणी म्हणते, बंदूक ती बंदूक, घरात नकोच. आम्हांला ही दोन्ही उत्तरे घाईची वाटतात. आधी विचारायला हवे ते हे, की ही आवड मुलाकडे कोणत्या दाराने आली, आणि त्या दारातून आत गेल्यावर त्याच्याबरोबर कोण चालत आहे.

आवड आली मोबाईलवरून, यात शंका नाही. ३० जुलै २०२४ रोजी १० मीटर एअर पिस्तूलच्या मिश्र सांघिक स्पर्धेत मनू भाकर आणि सरबजोत सिंग यांनी भारताला कांस्यपदक मिळवून दिले. त्याच स्पर्धेत रौप्यपदक जिंकणाऱ्या तुर्कस्तानच्या युसुफ दिकेच यांचे छायाचित्र एकदोन दिवसांत जगभर फिरले. साधा चष्मा, अंगात टी-शर्ट, एक हात खिशात. पाहणाऱ्याला वाटावे, हा माणूस सहज रस्त्याने जाता जाता आत आला आणि पदक घेऊन गेला! आमच्या तरुण संघातल्या अर्ध्या मुलांच्या मोबाईलवर ते चित्र होते.

त्या चित्रात काय दिसले नाही ते पाहू. दिकेच त्या वेळी ५१ वर्षांचे होते आणि ते त्यांचे पाचवे ऑलिंपिक होते. खिशातला हात ही ऐट नव्हती. पिस्तूल एका हाताने धरायचे असते, आणि मोकळा हात हलून शरीराचा तोल बिघडू नये म्हणून नेमबाज तो खिशात किंवा पट्ट्यात अडकवून ठेवतात. म्हणजे जगाने जिला बेफिकिरी समजून टाळ्या दिल्या, ती शिस्त होती. इंटरनेट आपल्याला क्षण दाखवते, त्यामागची वर्षे दाखवत नाही. मुलाला मोह पडतो तो क्षणाचा.

तरी आम्ही इंटरनेटला नुसती नावे ठेवणार नाही. एके काळी नेमबाजी म्हणजे संस्थानिकांचा, लष्करातल्या माणसांचा किंवा पैसेवाल्यांचा शौक असे. साध्या घरातल्या मुलाला तो खेळ कुठे चालतो हेही ठाऊक नसायचे. आज ते त्याला घरबसल्या कळते, ही चांगली गोष्ट आहे. आणि आम्हां बेळगावकरांना दूर जायला नको. शंभरेक किलोमीटरवरच्या कोल्हापूरने या खेळाला काय दिले ते पाहा. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर प्रोन रायफलमध्ये जगज्जेत्या झाल्या. राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्णपदक जिंकले. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे रेल्वेत नोकरी करत करत १ ऑगस्ट २०२४ रोजी ऑलिंपिकच्या कांस्यपदकापर्यंत पोचले. अशा खेळाला सरसकट पाप म्हणणे आम्हांला मान्य नाही. आपल्या गावात लष्कराची छावणी आहे आणि मंडळीतल्या घरांतून माणसे सैन्यात गेली आहेत. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे शिपाई आले तेव्हा त्याने त्यांना शिपाईगिरी सोडायला सांगितले नाही. कोणाला लुबाडू नका, आपल्या पगारात समाधान माना, असे सांगितले. हत्यार हातात असणाऱ्याने कसे वागावे, हा त्याच्या बोलण्याचा मुद्दा होता.

मग आमची चिंता कशाची? चिंता आहे ती पडद्याच्या चालीची. मुलाने पहिला व्हिडिओ स्वतः निवडलेला असतो. दुसरा त्याच्यापुढे ठेवला जातो. यूट्यूबने २०१२ मध्ये आपली मोजणी बदलली. व्हिडिओ किती जणांनी उघडला यापेक्षा तो किती वेळ पाहिला गेला, याला महत्त्व दिले. धंद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेल, पण आईबापांनी त्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. पुढे काय दाखवायचे हे ठरवणाऱ्या यंत्राला तुमच्या मुलाचे भले कशात आहे ते कळत नाही. तो कशाने खिळून राहील एवढेच त्याला कळते. आणि सामन्याचा व्हिडिओ खरे सांगायचे तर कंटाळवाणा असतो. माणूस उभा राहतो, श्वास सोडतो, गोळी झाडतो, पुन्हा उभा राहतो. खिळवून ठेवायला त्याहून चटकदार काहीतरी लागते. म्हणून सामन्यानंतर येते पिस्तुलाची तुलना, मग कोणती एअरगन जास्त जोरदार, मग तिची ताकद कशी वाढवायची, मग रानात जाऊन पाखरे टिपणारी मंडळी, मग खऱ्या बंदुका घेऊन गाण्यावर मिरवणारे तरुण, आणि शेवटी असा एखादा माणूस जो कॅमेऱ्यात पाहून सांगतो की ते लोक आपल्यावर चालून येत आहेत, तयार राहा. प्रत्येक मुलगा ही सगळी पायरी उतरतो असे आम्ही म्हणत नाही. बहुतेक जण मध्येच कंटाळून दुसरीकडे वळतात. पण जिना खाली जातो हे खरे, आणि त्यावर सोबत कोणी नसते हेही खरे.

येथे आम्हांला शास्ते या पुस्तकाचा विसावा अध्याय आठवतो. बन्यामीन वंशात सातशे डावखुरे वीर होते. गोफणीने केसावर नेम धरला तरी त्यांचा दगड चुकत नसे. तिथे 'चुकणे' यासाठी इब्री भाषेत जे क्रियापद आले आहे, तेच क्रियापद पवित्र शास्त्रात इतरत्र 'पाप करणे' या अर्थाने येते. निशाण चुकणे आणि पाप करणे यांना इब्रीत एकच शब्द. संडे स्कूलमध्ये हे आपण शिकवतो. पण त्या सातशे जणांची पुढची गोष्ट सहसा सांगत नाही. ते लढत होते कोणासाठी? गिबा गावात एका स्त्रीवर अत्याचार करून तिचा जीव घेणाऱ्या नराधमांना बाकीच्या इस्राएलाने मागितले, तेव्हा बन्यामिनांनी त्यांना स्वाधीन करायला नकार दिला. का, तर ती आपली माणसे! त्या युद्धात त्यांचा जवळजवळ सारा वंश कापला गेला, सहाशे पुरुष उरले. केसाएवढा नेम न चुकणारी माणसे जगण्याचे निशाण मात्र साफ चुकली.

आजच्या पडद्याची खरी ओढ इथेच आहे. तो मुलाला नुसता छंद देत नाही, त्याला एक टोळी देतो. तिथे त्याला नाव मिळते, शाबासकी मिळते, आपल्यासारखी माणसे मिळतात. घरात आणि मंडळीत जे त्याला मिळायला हवे होते ते तिथे मिळाले, की त्या टोळीची भाषा तो बोलू लागतो, तिचे वैरी आपले वैरी मानू लागतो. हात कितीही स्थिर असो, मन असे हाकले गेले तर त्या स्थिर हाताचा उपयोग काय?

पडद्याच्या उलट खरी रेंज. तिथे चांगला प्रशिक्षक पहिले काही दिवस मुलाला छर्राही भरू देत नाही. नळीचे तोंड कायम निशाणाकडे, बोट ट्रिगरपासून दूर, हुकूम मिळाल्याशिवाय हत्यार उचलायचे नाही, कोणी पुढे गेले असेल तर हातही लावायचा नाही. १० मीटर एअर रायफलच्या निशाणावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, छर्रा साडेचार मिलिमीटरचा. मुख्य फेरीत असे साठ छर्रे झाडायचे. राग आला की गुण गेले, घाई केली की गुण गेले, शेजाऱ्याकडे पाहिले की गुण गेले. चुकलेला प्रत्येक नेम सगळ्यांसमोर नोंदला जातो आणि तो पुसता येत नाही. ज्याला हे सोसते त्याच्यात संयम येतो, आणि संयम हे आत्म्याचे फळ आहे असे आपण मानतो. पडद्यावर मात्र चुकलेला नेम कापून टाकता येतो.

एक गोष्ट आईवडिलांना स्पष्ट सांगायला हवी. ठरावीक शक्तीच्या आतली, साडेचार मिलिमीटर छर्ऱ्याची एअर रायफल घ्यायला शस्त्रपरवाना लागत नाही. म्हणून ती खेळणे ठरत नाही. तिने डोळा जातो, जवळून लागली तर जीवही जाऊ शकतो. नाताळच्या सुटीत गावाकडे गेलेली मुले तिने होले आणि खारी टिपतात आणि मोठी माणसे हसून सोडून देतात, हे आम्हांला बरे वाटत नाही. रानपक्षी मारणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे तर झालेच. पण ज्या प्रभूने सांगितले की एक चिमणीसुद्धा पित्याच्या नजरेआड जमिनीवर पडत नाही, त्याच्या जन्माच्या सणात तिला गंमत म्हणून पाडायचे? अरुणाचल प्रदेशात २०२१ मध्ये सरकारने लोकांना एअरगन आणून द्या, पाखरांना जगू द्या, अशी हाक दिली. तिथे शिकार ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत, तरी दोन हजारांहून अधिक बंदुका लोकांनी आपणहून आणून दिल्या. ज्यांची ती रीत होती त्यांना जमले, तर ज्यांनी ती कालपरवा मोबाईलवर पाहिली त्यांना का जमू नये?

आता काय करावे? मोबाईल काढून घ्या, हे सोपे उत्तर आम्ही देणार नाही. काढून घेतलेला मोबाईल मित्राच्या घरी सापडतो. 'हे आईबापांचे काम, मंडळीने यात पडू नये' असे म्हणणाऱ्यांशीही आम्ही सहमत नाही. बाळाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी त्याला वाढवण्याची जबाबदारी आपण सगळी मंडळी उभे राहून घेतो. ती जबाबदारी तो चौदा वर्षांचा झाल्यावर संपत नाही.

आमचे म्हणणे साधे आहे. मुलगा किंवा मुलगी नेमबाजी म्हणाली की आधी तिच्या शेजारी बसून ती काय पाहते ते अर्धा तास पाहा. रागावू नका, पाहा. मग तिला खऱ्या रेंजवर घेऊन जा. हत्यार विकत घेण्याची घाई करू नका. स्पर्धेचे परदेशी पिस्तूल लाखाच्या पुढे जाते, आणि चांगल्या रेंजवर शिकाऊ मुलाला तिथलेच वापरायला मिळते. तीन महिने नियमाने गेली तर आवड खरी, नाहीतर ती पडद्याची होती. घरी एअरगन असलीच तर ती आणि छर्रे वेगवेगळ्या कुलपात, आणि किल्ल्या मोठ्यांकडे. आणि मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी, विशेषतः लष्करातून निवृत्त झालेल्या काकांनी, या मुलांना बोलते करावे. हत्याराबरोबर सारे आयुष्य घालवलेला माणूस हत्याराविषयी किती कमी फुशारकी मारतो, हे त्यांना ऐकू द्या. तरुण संघाच्या सभेत क्रिकेटचा चषक जिंकणाऱ्याचे नाव घेतो तसे रेंजवर सराव करणाऱ्या मुलीचेही घ्या. तिला विचारा, या आठवड्यात कसे झाले? हा प्रश्न तिला आपण विचारला नाही तर दुसरे कोणी विचारील.

करिंथ शहराजवळ मोठे क्रीडामहोत्सव भरत. तिथल्या मंडळीला लिहिताना पौलाने धावण्याचे आणि मुष्टियुद्धाचे दाखले मोकळ्या मनाने वापरले. खेळाचा त्याने तिरस्कार केला नाही. पण त्याच पत्रात त्याने आणखी एक सांगितले आहे. मला पुष्कळ गोष्टींची मुभा असली तरी मी कोणत्याही गोष्टीच्या ताब्यात जाणार नाही, असा त्याचा भाव आहे. कोणत्याही छंदाला लावायला ही कसोटी पुरेशी आहे. छंद मुलाच्या हातात आहे, की मुलगा छंदाच्या? हे घरात मोठ्यांनीही एकदा स्वतःला विचारावे, कारण रात्री उशिरापर्यंत पेटलेला पडदा काही फक्त मुलांच्याच खोलीत नसतो.

हे प्रभू, आमच्या मुलांचे हात स्थिर कर आणि त्यांची मने त्याहून स्थिर कर. त्यांना पाखरांची दया दे, शेजाऱ्याची प्रीती दे. त्यांना हाक मारणारे आवाज पुष्कळ आहेत. आमचा आवाज त्यांत हरवू देऊ नकोस, आणि तुझा तर नकोच नको. आमेन.