जीर्ण की पोखरलेली?

पावसाळा तोंडावर आला की महानगरपालिका मुंबईतील अतिधोकादायक इमारतींची यादी प्रसिद्ध करते, वर्तमानपत्रांत तिचा गोषवारा येतो, आणि अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत व घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत जुन्या चाळींत राहणारी माणसे त्या यादीत आपले नाव नसावे अशी मनोमन प्रार्थना करीत ती वाचतात. यादीत आलेल्या इमारतीस 'सी-१' म्हणावयाचे, म्हणजे ती रिकामी करून ताबडतोब पाडावयाची; 'सी-२-अ' म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती, 'सी-२-ब' म्हणजे रहिवाशांना न हलवता दुरुस्ती, आणि 'सी-३' म्हणजे किरकोळ डागडुजी. ही प्रतवारी प्रशासनाच्या सोयीची आहे, याविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती तिच्याबरोबर दप्तरातून येणाऱ्या 'जीर्ण', 'मोडकळीस आलेली' व 'धोकादायक' या तीन शब्दांविषयी, कारण त्यांपैकी एकही शब्द इमारतीला नेमके काय झाले आहे हे सांगत नाही. 'धोकादायक' तर आपण किती भ्यावे एवढेच सांगून थांबतो.

वास्तविक या बाबतीत आपली भाषा मोठी काटेकोर आहे. लुगडे विरते, उंबरठा झिजतो, वासा कुजतो, सळई गंजते, भिंतीला ओल चढते, चुन्याचे पोपडे सुटतात, सांधे ढिले झाले की खाट खिळखिळी होते आणि पेढी असेल तर ती डबघाईला येते. त्या त्या क्रियापदात वस्तू कशाने गेली याचा पत्ता दडलेला असतो. शिवाय या शब्दांचे दोन कुळांत विभाजन करता येते, आणि माझ्या मते सारे मर्म तेथेच आहे. 'जीर्ण', 'जर्जर', 'विटलेले' या शब्दांमागे कर्ता नाही, असलाच तर तो काळ; 'पोखरलेले', 'कुजवलेले', 'फोडलेले' या शब्दांमागे मात्र कोणीतरी उभा असतो, आणि तो कोण हे विचारावेच लागते.

घाटकोपरच्या 'साईदर्शन' इमारतीचे उदाहरण घ्या. 25 जुलै 2017 रोजी ती कोसळली आणि 17 माणसे मृत्युमुखी पडली. तळमजल्यावर फेरबदलाचे काम चालू होते व त्यात खांबांना हात लावला गेला, असा आरोप झाला. ज्या इमारतीविषयी असा आरोप होतो तिला 'जुनी इमारत कोसळली' या सरधोपट वाक्यात बसवणे म्हणजे चौकशीपूर्वीच वयाला दोषी ठरवून माणसाला मोकळे सोडणे होय.

कागदावरच्या शब्दांपेक्षा मिस्त्रीचे शब्द अधिक प्रामाणिक असतात. तो गच्चीच्या पोटाला हातोडीने ठोकत जातो, भरीव जागी ठणठणीत आवाज येतो आणि एखाद्या ठिकाणी भद्द वाजले की थबकून म्हणतो, "इथं पोकळ आहे. सळई फुगलीय आत." यात सारे शास्त्र आले. लोखंड गंजले की मूळच्यापेक्षा अधिक जागा व्यापते, आतून रेटा देते, वरचे काँक्रीट तडकते, पोपडा गळून पडतो, आणि उघड्या पडलेल्या सळईला खारी हवा व पावसाचे पाणी मग अधिकच झपाट्याने खाते. या अवस्थेत वरून गिलावा थापून रंग दिला की सहा महिने सर्वांचे समाधान होते. (रंगाऱ्याचे तर निश्चितच!)

शब्दांचा हा घोळ केवळ व्याकरणाचा असता तर एवढा कागद खर्ची घातला नसता. मालकाचा अभियंता इमारत 'सी-१' ठरवतो, भाडेकरूंचा अभियंता तीच इमारत 'सी-२-ब' ठरवतो, आणि दोन अहवालांत मेळ बसेना म्हणजे प्रकरण तांत्रिक सल्लागार समितीकडे जाते. अशा वादांत काय करावे याची मार्गदर्शक तत्त्वे मुंबई उच्च न्यायालयाला 2014 मध्ये घालून द्यावी लागली. भाडेकरूच्या मनात धास्ती असते ती ही, की एकदा घराबाहेर पडलो की परत येणे नाही. मालक म्हणतो, वर्षानुवर्षे गोठलेल्या भाड्यात दुरुस्ती करू कशातून? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. शहर भागातील जुन्या उपकरप्राप्त इमारतींच्या पाठीशी निदान दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ तरी आहे. उपनगरातल्या पागडीच्या चाळीला ते छत्र नाही, आणि तिची डागडुजी मालकाच्या मर्जीवर किंवा रहिवाशांच्या वर्गणीवर सोडलेली आहे.

आता न्यायाची गोष्ट अशी की, 'धोकादायक' हा शिक्का निरुपयोगी नाही. ऑगस्ट 2022 मध्ये बोरिवलीच्या साईबाबानगरातील 'गीतांजली' ही चार मजली इमारत कोसळली. परंतु ती आधीच धोकादायक ठरवून रिकामी करून घेतलेली असल्यामुळे मनुष्यहानी टळली. शिक्का राहू द्यावा. मात्र त्याच्याखाली दोन ओळी असाव्यात. तीस वर्षांवरील इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घेणे कायद्याने बंधनकारक आहेच. त्या अहवालाचा सारांश, वरच्या मजल्यावरच्या आजीला वाचता येईल अशा मराठीत, दरवाजावर लावलेल्या नोटिशीत का येऊ नये? कोणता खांब गंजला, कोणती तुळई तडकली, कोठे पाणी मुरते आहे, तळमजल्यावर कोणी भिंत फोडली आणि तिची परवानगी होती काय, एवढे लिहावे. मुकादमाला हे चार शब्द ठाऊक असतात. अडते ते टेबलावर, जेथे मसुदा लिहिणाऱ्याला 'इमारत जीर्ण झाली आहे' हे वाक्य सर्वांत निर्धोक वाटते, कारण त्या वाक्याखाली सही करताना कोणाचेच नाव घ्यावे लागत नाही.