उबेचा हिशेब

घरात नवा रेडिएटर घ्यावयाचे ठरले म्हणजे इंग्लंडातील बहुतेक कुटुंबे प्रथम त्याचा रंग पाहतात, त्यानंतर उंची, त्यानंतर किंमत. आणि तो खोलीला किती ऊब देईल हा प्रश्न, ज्यासाठी मुळात तो जिन्नस विकत घ्यावयाचा, तो सर्वांत शेवटी, पुष्कळदा पैसे भरून झाल्यावर विचारला जातो. लेस्टर, स्लाउ, मिल्टन कीन्स अशा ठिकाणी स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींकडे हिवाळ्यात जाणे होते, तेव्हा दिवाणखान्याच्या भिंतीवर माणसाच्या उंचीचा, काळसर करड्या रंगाचा, सडसडीत नळ्यांचा देखणा रेडिएटर दिसतो, आणि त्याच खोलीत पुण्याहून किंवा साताऱ्याहून मुलाकडे राहावयास आलेल्या आई शालीवर शाल पांघरून, पाय पोटाशी घेऊन बसलेल्या दिसतात. हे मला मनापासून खटकते. ऊब ही वडीलधाऱ्यांच्या बाबतीत प्रकृतीची गोष्ट आहे, आणि तिचा हिशेब कागद-पेन्सिल घेऊन अर्ध्या तासात होण्यासारखा असताना तो न करता खरेदी व्हावी हे योग्य नव्हे. म्हणून या आठवड्याचे सदर मी त्याच हिशेबाकडे वळवीत आहे.

उभ्या रेडिएटरविरुद्ध माझी काही तक्रार नाही, हे आरंभीच सांगते. व्हिक्टोरियन काळातील लाल विटांच्या रांगेतले घर जेमतेम चार-साडेचार मीटर रुंद. पुढच्या खोलीत एका भिंतीत शेकोटीचा बुजविलेला कोनाडा, दुसरीत जिन्याकडे जाणारे दार, तिसरीत खिडकी, आणि चौथीला सोफा टेकवावाच लागतो. अशा ठिकाणी दीड मीटर लांबीचा आडवा रेडिएटर सोफ्यामागे दडपला जातो आणि त्याची निम्मी ऊब सोफ्याच्या पाठीलाच मिळते, तर अर्धा मीटर रुंदीचा उभा रेडिएटर दोन दारांमधील पट्टीवर मोकळेपणी राहतो. रेडिएटर खिडकीखालीच असावा ही जी समजूत रूढ झाली तिला एके काळी सबळ कारण होते. 1952 च्या डिसेंबरात लंडनवर साचलेल्या विषारी धुरक्यात हजारो माणसे दगावली, त्यावरून 1956 साली स्वच्छ हवेचा कायदा झाला, पुढे 1967 ते 1977 या दशकात उत्तर समुद्रातील नैसर्गिक वायूसाठी देशभरातील घरोघरची उपकरणे बदलण्यात आली, आणि कोळशाच्या शेकोटीची जागा हळूहळू बॉयलर व पत्र्याचे पांढरे रेडिएटर या सरंजामाने घेतली. परंतु खिडक्यांना अद्याप एकेरी काच होती, त्या थंड काचेला लागून हवा जड होई, खाली ओघळे आणि बसलेल्यांच्या पायांना झोंबे, म्हणून तिच्या वाटेत खालून वर चढणारा उष्ण हवेचा प्रवाह ठेवणे भाग होते. दुहेरी काचा सर्वत्र आल्यावर ते बंधन सैल झाले. पोलादी नळ्यांचा रेडिएटर मात्र या सगळ्या बदलांहून जुना; स्वित्झर्लंडमधील झेंडर कंपनीने तो 1930 सालीच तयार केला होता.

आता हिशेब. उदाहरणादाखल चार मीटर लांब, साडेतीन मीटर रुंद आणि 2.6 मीटर उंच अशी तळमजल्यावरची पुढची खोली घेऊ. बाहेर उणे 2 अंश, आत 20 अंश, म्हणजे फरक 22 अंशांचा. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांची ऊबदार घरे, वरती आणि मागे आपल्याच तापविलेल्या खोल्या, तेव्हा उष्णता पळावयाची ती रस्त्याकडील भिंत, खिडकी, जमीन आणि फटींतून खेळणारी हवा या चार वाटांनी. खिडकी दोन चौरस मीटरांची धरली तर भिंत उरते 7.1 चौरस मीटर. पोकळी किंवा आच्छादन नसलेली जुनी विटांची भिंत दर चौरस मीटरमागे आणि दर अंशामागे सुमारे दोन वॅट घालविते, म्हणून तिच्या खाती 312 वॅट. दुहेरी काचही जवळजवळ त्याच मापाने घेतली तर 88 वॅट, लाकडी फळ्यांच्या जमिनीचे सुमारे 216, आणि खोलीतील 36.4 घनमीटर हवा तासाला एकदा पालटते असे मानले तर तिच्यासाठी 264. एकूण बेरीज 880 वॅट, म्हणजेच दुकानदार ज्या मापाने बोलतो त्या बीटीयूत सुमारे 3,000. खोलीच्या घनफळाला एका ठरावीक आकड्याने गुणून उत्तर देणारी कोष्टके सर्वत्र मिळतात, परंतु तीन बाजूंनी उघड्या असलेल्या कोपऱ्यावरच्या घराला आणि मधल्या घराला ती एकच उत्तर देतात, सबब मी त्यांच्यावर इतबार ठेवीत नाही.

यापुढची पायरी बहुतेकांकडून चुकते, आणि ती चुकल्यामुळेच त्या शालीवर शाल येतात. विक्रीच्या माहितीपत्रकात रेडिएटरची जी शक्ती छापलेली असते ती ईएन 442 या युरोपीय प्रमाणानुसार मोजलेली असते: आत जाणारे पाणी 75 अंश, बाहेर पडणारे 65, खोली 20, म्हणजे पाण्याची सरासरी आणि खोली यांतील अंतर 50 अंश. तेच अंतर 30 अंशांवर आणले, म्हणजे पाणी 55 वर आत जाऊन 45 वर परतू लागले, की तोच रेडिएटर छापील शक्तीच्या जवळजवळ निम्मीच ऊब देतो. आपल्या खोलीला 880 वॅट हवेत म्हणून 880 चाच आकडा पाहून घेतलेला रेडिएटर या कमी तपमानावर साडेचारशे वॅटांच्या आसपास थबकतो. त्या जागी छापील 1,700 वॅटांचा घ्यावयास हवा. बॉयलरचे पाणी 75 अंशांवर ठेवून हा प्रश्न मिटविता येईल असे कोणी म्हणेल, आणि ते आजपुरते खरेही आहे. पण इंग्लंडात 2005 पासून जो कंडेन्सिंग बॉयलर सक्तीचा झाला, तो धुरातील वाफ निवळवून तिची सुप्त उष्णता परत मिळवितो ती परतीचे पाणी साधारण 55 अंशांच्या खाली असेल तेव्हाच, आणि 2022 च्या जूनपासून बांधकामाच्या नियमावलीने नवी किंवा संपूर्ण बदललेली व्यवस्था शक्य असेल तेथे 55 अंशांच्या आत चालेल अशीच आखण्याचा दंडक घातला आहे. उद्या बॉयलर जाऊन उष्णता-पंप आला तर पाणी आणखी कोमट होणार. रेडिएटर वीस-पंचवीस वर्षे भिंतीवर राहावयाचा. म्हणून तो उद्याच्या पाण्यासाठी मोजून घ्यावा, आणि एकेरी नळ्यांचा पुरत नसेल तर त्याच उंची-रुंदीचा दुहेरी घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तो थोडा अधिक पुढे येतो, वजनाने व किमतीने भारी पडतो. पण ऊब देतो.

रंगाविषयी मात्र गिऱ्हाइकाने निश्चिंत असावे. काळा रेडिएटर पांढऱ्याहून अधिक ऊब देतो ही समजूत निराधार आहे, कारण या तपमानावर बाहेर पडणारे प्रारण डोळ्यांना न दिसणारे असते आणि त्याच्या दृष्टीने साधा पांढरा रंग व साधा काळा रंग यांत जवळजवळ भेद नाही. भेद पडतो तो चकाकत्या धातूने. क्रोमचा मुलामा उष्णतेचे प्रारण कोंडून ठेवतो, आणि त्याच आकाराच्या रंगविलेल्या रेडिएटरपेक्षा क्रोमचा रेडिएटर निश्चित कमी ऊब देतो; स्नानगृहात केवळ टॉवेल वाळविण्यापुरता तो चालेल, खोली तापविण्यास तो घेऊ नये. ॲल्युमिनियमचा रेडिएटर हलका असतो आणि लवकर तापतो, ही त्याची खरी जमेची बाजू; परंतु तांब्याचे पाइप, पोलादी रेडिएटर आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात नांदावयाचे तर त्या पाण्यात मिसळण्याचे गंजरोधक द्रव्य ॲल्युमिनियमला मानवणारेच असले पाहिजे, याची खातरजमा आधी करावी.

बसविण्याच्या कामात पहिला विचार भिंतीचा. 1.8 मीटर उंचीचा दुहेरी पोलादी रेडिएटर रिकामा असतानाच 40 किलोच्या घरात जातो, त्यात पाण्याची भर. विटांच्या भक्कम भिंतीला हा भार जड नाही, पण प्लास्टरबोर्डच्या पडदीवर तो टांगावयाचा तर आतील लाकडी खांब शोधून त्यांतच स्क्रू बसले पाहिजेत, किंवा आत आडवी फळी घालून घेतली पाहिजे. उघड्या बाजूच्या भिंतीवर तो लावणे अटळ असेल तर त्याच्या पाठीमागे परावर्तक पत्रा लावल्यास रस्ता तापविण्याचा खर्च काहीसा वाचतो. दुसरा विचार पाइपांचा. जुन्या आडव्या रेडिएटरचे दोन पाइप दीड मीटर अंतरावर वर आलेले, नव्याचे तोंड अर्ध्या मीटरवर किंवा मधोमध अवघ्या 50 मिलिमीटरवर. म्हणजे फळ्या उचलून 15 मिलिमीटरचे तांब्याचे पाइप जवळ आणणे आले, आणि जमीन काँक्रीटची असेल तर हा खर्च रेडिएटरच्या किमतीशीही स्पर्धा करू लागतो. म्हणून प्लंबरला खरेदीपूर्वी बोलवावे, खरेदीनंतर नव्हे.

एक गोष्ट मी विशेष आग्रहाने सांगते, कारण उभ्या रेडिएटरच्या कित्येक तक्रारी तिच्यातूनच उद्भवतात. पाणी एका खालच्या कोपऱ्यातून आत येते आणि दुसऱ्या खालच्या कोपऱ्यातून बाहेर जाते. मधे काही अडथळा नसेल तर बरेचसे पाणी तळाच्या नळीतूनच पलीकडे निघून जाईल आणि वरचा भाग अर्धवट थंड राहील. यासाठी पुष्कळ उभ्या रेडिएटरांच्या तळाशी, एका बाजूला, पाण्याची वाट रोखणारी एक लहानशी पट्टी आतून बसविलेली असते. ती पाण्याला पहिल्या नळ्यांतून माथ्यापर्यंत चढावयास लाविते आणि मग उरलेल्या नळ्यांतून खाली उतरू देते. ही पट्टी ज्या बाजूस असेल त्याच बाजूस बॉयलरकडून येणारा पाइप जोडला पाहिजे. जुन्या घरात येणारा कोणता व जाणारा कोणता हे पाइप पाहून कळत नाही. तापन चालू करून कोणता आधी गरम होतो ते हाताने पाहावे, त्यावर खूण करावी, आणि मगच जुना रेडिएटर उतरवावा. कारागीर कितीही जाणता असला तरी उत्पादकाच्या पत्रकातील ती आकृती त्याच्या हाती देण्यात कोणाचाही अपमान नाही.

तपमानानुसार आपोआप मिटणारा व्हॉल्व्ह ही डेन्मार्कमधील डॅनफॉस कंपनीचे संस्थापक मॅड्स क्लाउसेन यांची देणगी. त्याचे डोके शक्यतो आडवे, खोलीकडे तोंड करून असावे, म्हणजे खालच्या पाइपची वर येणारी उष्णता त्याला फसवीत नाही. आणि ज्या खोलीत घराचा मुख्य थर्मोस्टॅट आहे तेथे हा व्हॉल्व्ह लावू नये, नाहीतर एक दुसऱ्याचा अंमल चालू देत नाही.

देखभाल थोडी आहे, पण तिची हयगय चालत नाही. माथा थंड आणि तळ गरम असेल तर आत हवा साचली आहे. तापन बंद करून, पाणी निवू देऊन, वरच्या तोटीखाली फडके धरून चावी पाव फेरा फिरवावी, फुसफुस थांबून पाण्याची धार आली की मिटावी, आणि मग बॉयलरवरचा दाब थंड स्थितीत एक ते दीड बार आहे ना हे पाहून कमी असल्यास भरून घ्यावा. उलट तळ थंड आणि माथा गरम असेल तर तेथे काळा गाळ बसला आहे. तो पोलादाच्या गंजाचा असतो आणि चावी फिरवून जात नाही, रेडिएटर काढून किंवा सगळी व्यवस्था धुऊनच जातो. महिन्या-महिन्याला हवा काढावी लागत असेल तर ते दुर्लक्षिण्याजोगे लक्षण नव्हे. आत गंज चालू असताना हायड्रोजन निर्माण होतो, तोच वर साचतो, आणि तो ज्वालाग्राही असल्याने तोटी उघडताना जवळ ज्योत असता कामा नये. गंजरोधक द्रव्याची मात्रा दर वर्षी तपासावी आणि बॉयलरकडे परतणाऱ्या पाइपवर चुंबकीय गाळणी असावी, अशी ब्रिटिश प्रमाण 7593 ची 2019 सालची शिफारस आहे. वार्षिक तपासणीस येणाऱ्या माणसाकडे या दोन्ही गोष्टींचा तगादा लावावा.

आपल्या घरांतील दोन सवयींचाही येथे विचार केला पाहिजे. स्वयंपाकघराशेजारी उभा रेडिएटर असला तर फोडणीच्या तेलाचा सूक्ष्म थर नळ्यांच्या फटींत बसतो, त्यावर धूळ चिकटते आणि हवेचा मार्ग अरुंद होतो. लांब दांड्याचा मऊ ब्रश आणि कोमट साबणपाणी यांनी तो महिन्यातून एकदा काढावा, खरखरीत घासणी वापरू नये. आणि ओले कपडे रेडिएटरवर वाळत घालण्याचा मोह, जो पावसाळी हिवाळ्यात मला समजतो, तो आवरावा. कपडे उबेची वाट अडवितात आणि त्यांतील पाणी वाफ होऊन सर्वांत थंड कोपऱ्यावर काळ्या बुरशीच्या रूपाने उतरते, ज्याचा त्रास पुन्हा घरातल्या लहानांना आणि वृद्धांनाच होतो.

शेवटी लॉकशील्डविषयी. परतीच्या बाजूचा हा झाकणाखालचा व्हॉल्व्ह किती उघडा ठेवावयाचा यावरच घरातील सर्व रेडिएटरांना पाणी सारखे वाटले जाते, आणि प्लंबर तो समतोल मोठ्या चिकाटीने साधून जातो. पण पुढे भिंत रंगविण्यासाठी रेडिएटर उतरविला की कोणीतरी तो व्हॉल्व्ह घट्ट मिटतो आणि परत लावताना पूर्ण उघडतो, त्याबरोबर वरच्या मजल्यावरची खोली थंड पडते. मिटताना किती फेरे लागले ते मोजून, रेडिएटरचे नाव-नमुना, छापील शक्ती, आणि गंजरोधक द्रव्य घातल्याची तारीख यांच्यासह एका वहीत नोंदवावे, आणि ती वही बॉयलरच्या कपाटातच, हाताला येईल अशी ठेवावी.